खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी: दुरुस्तीनंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या इलेक्ट्रिकच्या तक्रारी

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. गाडी किनाऱ्यावर भरतीत अडकली, किंवा उधाणाच्या रात्री खाडीचं पाणी अंगणात उभ्या गाडीत शिरलं. ट्रॅक्टर लावून बाहेर काढली, टोचन करून गॅरेजला नेली, मॅटिंग काढून उन्हात टाकलं, ऑइल बदललं, हाताशी आले तेवढे कपलर (तारांचे प्लास्टिकचे जोड) साफ केले आणि गाडी चालू झाली. पंधरवडाभर छान चालते. मग एका सकाळी बॅटरी उतरलेली. नवी बॅटरी घातली तर एअरबॅगचा दिवा लागतो. तो स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायच्या यंत्राने) घालवला तर ड्रायव्हरच्या बाजूची काच आपोआप खाली येते. आणि मिरगाचा पहिला पाऊस लागला की मध्यरात्री गाडीचा हॉर्न एकटाच वाजायला लागतो, शेजारी उठतात, मालक चड्डी-बनियनवर बाहेर येऊन बॅटरीची तार उपसतो.

अशा वेळी मालकाला वाटतं गॅरेजवाला फसवतोय. गॅरेजवाल्याला वाटतं गाडीच खराब आहे. दोघांचंही चुकतं. दरवेळी येणारा दोष नवा दिसतो, पण कारण पहिल्या दिवसाचंच असतं. गाडीतलं पाणी काढलेलं असतं, मीठ काढलेलं नसतं.

आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात अशा गाड्या सुट्ट्यांच्या हंगामात हमखास येतात. कर्दे, मुरुड, लाडघर इथली ओली वाळू ओहोटीला डांबरी रस्त्यासारखी कडक लागते, आणि पाहुण्यांना वाटतं ती तशीच राहणार. कोळी लोकांचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी आठला फोटो काढायला खाली उतरवलेली गाडी दहाच्या आत पाण्यात. चाक फिरवत राहिलं की वाळूत आणखी रुततं, आणि मग भरती दाराच्या उंबऱ्यावरून आत येते. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात. ते सोडून देऊ, गाडी आता भिजली आहे असं धरून चालू.

गोडं पाणी आणि खारं पाणी

22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा गाड्या गाळाने भरल्या होत्या. गाळ त्रास देतो, पण तो दिसतो, हाताला लागतो, धुतला की जातो. मीठ सुकल्यावर धड दिसतही नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मॅटिंगखालच्या फोमने दहा लिटर पाणी प्यायलं (छोट्या गाडीतही तेवढं सहज मावतं), तर सुकल्यावर गाडीत साडेतीनशे ग्रॅम मीठ उरलं. आता पुढची गंमत. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच कपलरच्या आत होतं. म्हणून गाडी एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळवली तरी जूनमध्ये आतून पुन्हा ओली होते, आणि तेही एक थेंब पाणी आत न शिरता.

खारट ओल वीज वाहून नेते, नळाच्या पाण्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त. कपलरच्या शेजारच्या दोन पिनांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर. एका पिनेवर कायमचे 12 व्होल्ट, दुसरी अर्थ. मधून थोडा थोडा करंट झिरपत राहतो आणि पॉझिटिव्ह बाजूच्या पिनेचा धातू विरघळत जातो. कपलर उघडल्यावर जी हिरवी-निळी पूड दिसते ती म्हणजे तुमच्या पिनेचं तांबं.

यावरून दोष आधी कुठे येणार याचा अंदाज बांधता येतो. किल्ली बंद असतानाही ज्या तारेत करंट असतो ती तार आधी जाते. बीसीएम (दिवे, काचा, लॉक सांभाळणारं कंट्रोल युनिट), सेंट्रल लॉक, चावीविना उघडणाऱ्या गाडीचा रिसीव्हर, हॉर्नचा रिले, म्युझिक सिस्टिमची मेमरी वायर. एसीच्या फॅनची मोटर पाण्यात पूर्ण बुडूनही महिनोन्‌महिने चालते आणि शेजारचा बीसीएम आठवड्यात मान टाकतो, त्याचं कारण हेच.

पहिल्या काही तासांत

किल्ली फिरवायची नाही. "बघू तरी लागते का" हा मोह सगळ्यात महाग पडतो. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल, तो भाग वेगळा. पण इंजिन कोरडं असलं तरी इग्निशन ऑन केल्याबरोबर गाडीतल्या प्रत्येक ओल्या मोड्यूलला (कंट्रोल युनिटला) करंट मिळतो, आणि जे काम मिठाने आठवडाभरात केलं असतं ते काही मिनिटांत होतं.

दहाचा पाना घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बॅटरी बाहेर काढून ठेवलीत तर उत्तम. हे नुसतं गाडी वाचवण्यासाठी नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीतल्या पोर्ट नेवार्क बंदरात उभ्या असलेल्या 16 फिस्कर कर्मा गाड्या जळून खाक झाल्या. हायब्रिड गाड्या, त्यामुळे सगळ्यांनी मोठ्या लिथियम बॅटरीकडे बोट दाखवलं. कंपनीच्या तपासात निघालं ते वेगळंच: एका गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये खारं पाणी गेलं होतं, आणि त्या युनिटला गाडी बंद असतानाही साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून करंट मिळत होता. तिथे शॉर्ट झाला, आग लागली आणि वाऱ्याने ती बाकीच्या गाड्यांवर नेली. त्यामुळे भिजलेली गाडी बॅटरी जोडलेली ठेवून घराला चिकटून उभी करू नका.

मग पाणी. लोक इथे बिचकतात. आधीच भिजलेल्या गाडीवर आणखी पाणी कशाला मारायचं? मारायचं, कारण मीठ फक्त पाण्यातच विरघळतं आणि ओलं असेपर्यंतच सहज निघतं. एकदा सुकून तारेच्या आत आणि पिनेच्या बुडाशी बसलं की मग ते खरवडून काढावं लागतं. ज्या गाडीवर त्याच संध्याकाळी विहिरीचं गोडं पाणी पडलं आणि जी चार दिवस विम्याच्या सर्व्हेयरची वाट बघत उन्हात उभी राहिली, त्या दोन गाड्यांच्या वायरिंगमधला फरक उघडल्याबरोबर नजरेत भरतो.

फक्त एक अडचण आहे. विमा कंपनीला कळवल्याशिवाय काही उघडायचं नाही असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. यातून वाट अशी: लगेच फोन करून क्लेम नोंदवा, पाणी कुठवर चढलं होतं त्या रेषेचे आतून-बाहेरून फोटो आणि व्हिडिओ घ्या, आणि नुकसान वाढू नये म्हणून गोड्या पाण्याने धुतोय असं लेखी कळवा, मेसेज चालेल. नुकसान वाढू न देणं ही मालकाचीच जबाबदारी असते, त्यामुळे याला सहसा कुणी हरकत घेत नाही. खोलाखोली मात्र सर्व्हे झाल्यावरच.

धुवायचं कसं

सीटा आणि सेंटर कन्सोल बाहेर. मॅटिंग बाहेर, आणि त्याखालचा फोम सरळ टाकून द्या. तो धुऊन वापरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या आणि पायाजवळचे साइड पॅनेल काढा, कारण मुख्य वायरिंग तिथूनच जातं आणि अर्थिंगचे बोल्टही बहुतेक गाड्यांत तिथेच असतात. पाण्याखाली गेलेला प्रत्येक कपलर उघडा. वरून कोरडा दिसला तरी उघडा. मोड्यूल आधी काढून बाजूला ठेवा.

पाणी साध्या नळीने मारायचं. प्रेशर वॉशर नको, तो रबरी सीलच्या आत खारं पाणी ढकलतो. शेवटची खळबळ डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याने. आणि पुरेसं धुतलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. आरओवाले वापरतात तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काही शे रुपयांत मिळतो. कपलरमधून निथळलेलं पाणी एका स्टीलच्या वाटीत धरा आणि मीटर बुडवा. ओतलेल्या पाण्याचा आकडा 40 आणि वाटीतल्या पाण्याचा 700 येत असेल तर आत अजून मीठ आहे. पुन्हा धुवा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की थांबा. पहिल्या वाटीला मीटर कधी कधी आकडाच दाखवत नाही इतकं मीठ असतं, तेव्हा घाबरू नका.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल रिपेअरवाल्यांचं आयपीए, याच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. मीठ आयपीएमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. मोड्यूलमधला खारट बोर्ड नुसत्या आयपीएने घासला तर तो चकाचक दिसतो आणि मीठ आयसीच्या (चिपच्या) पायांखाली जसंच्या तसं राहतं. आधी पाणी, आणि ते पाणी हाकलायला मग आयपीए, असा क्रम आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच. आणि ग्रीस तर सगळ्यात शेवटी. मीठ असताना वरून ग्रीस थापणं म्हणजे ते आत कोंडून ठेवणं.

वाळवायला पंखा, ऊन आणि वेळ. हीट गन जवळ धरून कपलर वाकडे करू नका.

सीटबेल्ट आणि एअरबॅग

एअरबॅगचा कंट्रोल मोड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे, अगदी फ्लोअरवर बसवलेला असतो, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथे. तो साफ करून पुन्हा लावायचा नसतो. बदलायचा. भिजलेले बेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेत बेल्ट घट्ट ओढणारे भाग) तसेच. दिवा विझला म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेल असं नाही, आणि चालत्या गाडीत भलत्या वेळी उघडणार नाही असंही नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावण्याआधी बॅटरी काढून दहा-एक मिनिटं थांबा, आणि त्यांच्यावर मल्टीमीटर अजिबात लावू नका. मीटरच्या स्वतःच्या करंटनेही एअरबॅग उघडण्याचा धोका असतो.

दोष परत येतोय, आता शोधायचा कसा

इथे बहुतेक जण स्कॅनरपासून सुरुवात करतात आणि तिथेच वाट चुकते. मीठ खाल्लेल्या गाडीत एकाच वेळी वीस-वीस कोड (दोषांचे नंबर) येतात: इंजिनशी संपर्क तुटला, एबीएसशी (ब्रेकच्या युनिटशी) तुटला, बीसीएमशी तुटला. U0100, U0121, U0140. हे वाचून कुणी तीन मोड्यूल बदलायला सांगितले तर त्या गॅरेजातून गाडी काढून घ्या. संपर्क तुटला याचा अर्थ मोड्यूल मेला असा होत नाही. त्याचं सप्लाय-अर्थिंग गेलेलं असू शकतं, किंवा बोलायची तार.

पहिला प्रश्न मालकाला विचारायचा: दोष कधी येतो? सकाळी येतो आणि दुपारी उन्हात गाडी तापली की जातो, धुतल्यावर येतो, एसी लावल्यावर काही वेळाने बरा होतो, असं उत्तर आलं तर मोड्यूलला हात लावायच्या आधी तारा आणि कपलर बघा. ऊन-पावसाशी संबंध नसेल आणि दोष कायमचा असेल तर मग मोड्यूलवर संशय घ्या.

नंतर अर्थिंग. ओहममध्ये मोजू नका. वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मल्टीमीटर शून्य ओहमच दाखवतो, आणि प्रत्यक्ष करंट मागितला की ती तार हात वर करते. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर चालू करा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्या अर्थिंगच्या बोल्टपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.1 व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट आला तर बोल्ट खोला, रिंग नवी लावा, पत्रा घासून चमकवा. एका सडक्या अर्थिंगमुळे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणं, काच वर करताना मीटरचे काटे नाचणं, असे भुताटकीचे सगळे प्रकार होतात.

मग संवादाची तार, म्हणजे कॅन लाइन. बॅटरी काढलेली असताना स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे बहुतेक गाड्यांत 60 च्या आसपास यायला हवेत. 120 आले तर एका टोकाशी संपर्क तुटलाय. चार-पाच ओहम आले तर सरळ शॉर्ट. आणि 50-54 असं अर्धवट काही आलं, तेही सकाळी एक आणि दुपारी दुसरं, तर कुठल्या तरी कपलरमध्ये खारट ओल आहे. एकेक मोड्यूल काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा सुधारेल, तिथे उघडून बघा.

सेन्सरचं असंच. बरेच सेन्सर एकाच 5 व्होल्टच्या लाइनवर असतात. एक गळका झाला की सगळ्यांचे कोड येतात. पाच सेन्सर बदलण्याऐवजी एकेक कपलर काढा आणि 5 व्होल्ट परत कधी येतात ते बघा. P2138 हा अॅक्सिलरेटर पेडलचा कोड खाऱ्या पाण्यातल्या गाडीत नेहमीचा. पेडल पायाशीच असतं, त्यामुळे तेही भिजतं. या कोडने गाडी एकदम ताकद सोडते, घाटात हे फार वाईट.

बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, सगळे मोड्यूल झोपले की करंट मोजा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले, म्हणजे 45 ची बॅटरी दोन-तीन दिवसांत सेल्फ मारणार नाही. दोषी सर्किट शोधताना फ्यूज उपसू नका, उपसून परत लावताना मोड्यूल जागे होतात आणि मोजमाप बिघडतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांच्यावर मिलिव्होल्ट मोजा. करंट जात असेल तर तिथे थोडे का होईना मिलिव्होल्ट दिसतात.

हे सगळं नीट करूनही दोष राहतो तेव्हा जॉइंट बघायचा. कारखान्यातच वायरिंगमध्ये चार-पाच तारा एकत्र दाबून वर टेप गुंडाळलेला असतो. बाहेरून काही कळत नाही. एका हॅचबॅकमध्ये ओल्या सकाळी एबीएसचा दिवा लागायचा आणि स्पीडोमीटर शून्यावर पडायचा, दुपारी सगळं ठीक. दोन ठिकाणी चाकांचे सेन्सर बदलून झाले होते, एबीएस मोड्यूलचं कोटेशनही निघालं होतं. ड्रायव्हर बाजूच्या उंबऱ्याखालचं वायरिंग मोकळं केलं. कापडी टेप वरून नवाकोरा. बोटांनी चाचपत गेल्यावर एका जागी किंचित टणक फुगवटा लागला. टेप सोडवला तर आतून हिरवी पूड सांडली आणि जॉइंटमधल्या पाचपैकी दोन तारा नुसत्या ओढल्याने हातात आल्या. तारेचं प्लास्टिक सोललं तर आतलं तांबं काळं. आणखी सोललं, तिथेही काळं. वीतभर मागे गेल्यावर कुठे लाल चमकतं तांबं दिसलं.

हे काळेपण पिनेपासून सुरू होतं आणि तारेच्या आतून वर चढतं, कारण बारीक तारांच्या जुडीत पाणी वातीसारखं ओढलं जातं. म्हणून पीन बदलून उपयोग नाही. लाल तांबं लागेपर्यंत मागे जा, तिथून नवी तार क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसता काळा टेप गुंडाळलेला जॉइंट खाडीच्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. सोल्डर केलेली तार कंपनाने सोल्डरच्या कडेला तुटते, त्यामुळे हलणाऱ्या जागी मी क्रिंपच करतो. काळेपण हातभराच्या पुढे गेलं असेल तर तो तुकडा नाही, ती बाजूची अख्खी वायरिंगच बदला.

मोड्यूल दुरुस्त होतो का

कधी कधी. ज्याच्या बोर्डवर ओल अडवणारं कोटिंग आहे, जो त्याच दिवशी काढून धुतला आणि ज्याला भिजल्यानंतर करंट मिळाला नाही, तो बहुधा वाचतो. पिनांच्या बुडाशी हिरवं आलं असेल, बोर्डवरच्या बारीक रेघा मध्येच नाहीशा झाल्या असतील, तर दुरुस्त करणारा जम्पर (वरून जोडलेली तार) टाकून तो चालू करून देईल. पण बोर्ड आतून अनेक थरांचा असतो, आणि आतल्या थरात गेलेलं मीठ कुठलाही ब्रश काढू शकत नाही. म्युझिक सिस्टिम, एसीचा कंट्रोल असं काही असेल तर हा जुगार खेळायला हरकत नाही. इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी नाही.

"कबाड्याकडून दुसरा आणून लावू" हेही वाटतं तितकं सोपं नाही. ईसीएम (इंजिनचं कंट्रोल युनिट), बीसीएम आणि मीटर यांची इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) ओळख एकमेकांत बांधलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावला की सेल्फ फिरतो, गाडी लागत नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा लागतो, मग जुन्यातला डेटा वाचून नव्यात घालावा लागतो. जुना मोड्यूल इतका सडला की तो डेटाच वाचता येत नाही, तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपशिवाय पर्याय राहत नाही, आणि तिथे अख्खं वायरिंग मागवलं तर ते तुमच्या गाडीच्या चासिस नंबरनुसार, व्हेरिअंटनुसार येतं. त्याला वेळ लागतो. तोवर बाकीचं मीठ आपलं काम करतच असतं.

कधी सोडून द्यायची

माझा हिशोब असा. पाणी फक्त मॅटिंगपर्यंत आलं आणि गाडी त्याच दिवशी धुतली गेली, तर मेहनत घ्या, गाडी उभी राहते. सीटच्या वर गेलं असेल तर दुरुस्तीचा आग्रह मालकाने स्वतःहून धरू नये. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर नाहीच.

विम्याच्या नियमाने दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. अडचण ही की सर्व्हेच्या दिवशी मीठ आपला हिशोब दाखवत नाही. त्या दिवशी चालू असलेले मोड्यूल एस्टिमेटमध्ये येत नाहीत, खर्च 60 टक्क्यांत बसतो, दुरुस्ती मंजूर होते, आणि पावसाळ्यात जे जातं ते मालकाच्या खिशातून. म्हणून पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक मोड्यूलचा, कपलरचा आणि वायरिंगचा उल्लेख, तो आज चालू असो वा बंद, एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक-रबराचे भाग, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के घसारा कापतात, तोही आधी हिशोबात धरा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काहीच मिळत नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

हात लावू नका. केशरी (जास्त व्होल्टेजची) केबल दिसली की आपलं काम संपलं, कंपनीच्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. बॅटरीवर आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं याचा लोकांना मोठा दिलासा वाटतो. ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि साध्या पाण्यात होते. समुद्राच्या पाण्यात रात्रभर उभ्या गाडीबद्दल ती काही सांगत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये फ्लोरिडात इयान वादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर, काही तर कित्येक दिवसांनी पेटल्या. त्यानंतर तिथल्या यंत्रणांनी अशी गाडी इमारती आणि इतर वाहनांपासून 50 फूट दूर, उघड्यावर ठेवायला सांगितलं. चार्जिंगला लावून बघणं तर मुळीच नको.

दुरुस्ती झाल्यावर

गाडी परत घेताना ती उन्हात नाही, सकाळी लवकर घ्या, आणि घेण्याआधी रात्रभर उघड्यावर ठेवायला सांगा. जुने काढलेले कपलर आणि तारांचे तुकडे मागून घ्या. त्यावरून किती मागेपर्यंत काम केलंय ते कळतं. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, दोन्ही उंबऱ्यांखालचे आणि पायाजवळचे कपलर पुन्हा एकदा उघडून बघा. पिनेवर पांढरट दिसलं तर पाणी, आयपीए, वाळवणं आणि मग ग्रीस, याच क्रमाने. हिरवं दिसलं तर तार सोला.

आणि गाडी विकायची ठरवलीत तर घेणाऱ्याला सांगून विका. तो सांगण्याची वाट बघत नसेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघेल, सीटच्या रुळांखाली टॉर्च मारेल, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवून जिभेला लावेल. आमच्याकडचे जुने एजंट तेच करतात.